ॲव्हरेजपायी

प्रिय गौहरखाला,

सलाम. डोळ्यांत थेंब वेळेवर घालताय ना? अम्मार सांगत होता, चष्मा लावूनही पेपरचा मथळा वाचता येत नाही म्हणून तुम्ही घरभर चिडचिड करता. सिल्लोडच्या शाळेत आमची चुकलेली वेलांटी तुम्ही चार हातांवरून पकडायचात, त्यामुळं ती चिडचिड मला समजते. इथं संभाजीनगरात ऊन मी म्हणतंय. तुमची सूनबाई नीरजा ठीक आहे. माझ्याशी मात्र कामापुरतंच बोलते, आणि तिचं बरोबर आहे.

माझं गाडीचं वेड तुम्हाला ठाऊकच आहे. हायब्रिड घेतल्यापासून मी भेटेल त्याला ॲव्हरेज ऐकवत सुटलोय. जालना रोडच्या गर्दीत ती खरंच बावीस देते. सिग्नलला इंजिन गप्प, ब्रेक मारला की बॅटरी चार्ज, रांगेत हळूहळू सरकताना पेट्रोल लागतच नाही. अम्मारची साधी पेट्रोल सेडान तेवढीच लांबरुंद, पण त्या गर्दीत दहाच्या वर जात नाही. त्याचा सगळा प्रवास मात्र हायवेचा. तो म्हणायचा, "मोकळ्या रस्त्याला तुझी बॅटरी नुसती फुकट फिरती रे. तिथं दोघांचं सारखंच निघतं का नाय बघ." मला ते फार झोंबलं, कारण ते बरंचसं खरं होतं. शहर सोडलं की माझ्या स्क्रीनवरचा आकडा घसरायचा, आणि ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

म्हणून त्या शनिवारी पैज लागली. तुम्हाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडून घरी न्यायचंच होतं. हर्सूलच्या पंपावर दोन्ही टाक्या फुल करायच्या, सिल्लोडला पुन्हा फुल करून बघायचं. ऊन आहे, एसी दोघांनीही चालू ठेवायचा, हे अम्मारनंच ठरवलं. तुमचं डोकं दुखत होतं. "अम्मी, तुम हिमांशूके गाडीमें बैठो, आवाजच नै उसकू," असं म्हणत त्यानं तुम्हाला माझ्या हवाली केलं.

चौक्याचा घाट चढताना आकडा असा खाली आला की मला रस्ता दिसेना. घाट संपला तेव्हा मी तुम्हाला म्हणालो, खाला, एसी बिघडला वाटतं. तुम्ही काच खाली करायला लागलात, तर मी म्हणालो, राहू द्या, धुळीनं डोळ्यांना त्रास होईल. खाला, काचा उघड्या असल्या की वारा गाडीला अडवतो आणि ॲव्हरेज पडतं. धुळीची मला काही पडली नव्हती. तुम्ही पदरानं वारा घेत बसलात आणि उलट मलाच विचारत राहिलात, बेटा, तुला गरम होत नाय ना?

सिल्लोडच्या पंपावर माझं सतरा निघालं, अम्मारचं पंधरा. तो हसत हसत हरला. तुम्ही दार धरून उतरलात, घामानं निथळत कट्ट्यावर बसलात, तोंडावर पाणी मारलंत आणि सगळ्यांत आधी माझ्याबद्दल विचारलंत, "जिंकला का माझा पोरगा?" मी तेव्हा स्क्रीनचा फोटो काढत होतो.

मंगळवारी सकाळी दारात सांडू मिस्त्री हजर. म्हणाला, "अम्मारभाईनी पाठवलं. एसी बंद पडला म्हणं, खालाला लई तरास झाला." किल्ली नीरजानंच दिली. त्यानं एसी लावला, गॅस तपासला, सगळं खालीवर करून पाहिलं. "साहेब, कायबी नाय झालं याला. बर्फ पाडतोय." मी म्हणालो, कधीकधी बंद पडतो. नीरजा दारातच उभी होती. तिनं सांडूला चहा विचारला, मला नाही.

काल अम्मारचा फोन आला. गुरुवारी तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. तो स्वतः तुम्हाला घेऊन येणार होता, पण तुम्ही हट्ट धरलात, जाईन तर हिमांशूच्याच गाडीत. तो म्हणाला, अम्मी, त्याच्या एसीचा भरवसा नाही. त्यावर तुम्ही म्हणालात म्हणे, मी ओला नॅपकिन घेऊन बसेन, पण पोराची नवी गाडी आहे, नको म्हटलं तर त्याला वाईट वाटेल. ते ऐकून माझी मान खाली गेली, खाला. फोनवर मी पुन्हा काहीतरी सारवासारव केली असती, म्हणून पत्र लिहितोय. तुम्हाला ते वाचता येणार नाही, अम्मारलाच मोठ्यानं वाचावं लागेल, आणि मला तेच हवंय. अम्मार, इथं थांबू नकोस, अम्मीला नीट ऐकू येईल असं वाच. एसी बिघडला नव्हता. मी बटण दाबून बंद केला होता. मला तुमच्यापेक्षा तो आकडा मोठा वाटला. गुरुवारी मी गाडी घेऊन दारात येईन. बसायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

तुमचाच,
हिमांशू