धाकट्याच्या शेजारची काच

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, मेंदूच्या प्रयोगशाळेतली निवृत्त तंत्रज्ञ, हे राजीखुशीने लिहिते. कोणाची जबरदस्ती नाही. डोकं ठिकाणावर आहे. एकोणतीस वर्षं दुसऱ्यांच्या मेंदूचे काप काढण्यात गेली, आपला कुठे आहे एवढं कळतं.

१. दोन खोल्यांचं घर आणि बँकेत असेल ते भाचीला, म्हणजे दादाच्या मुलीला. मोरीतला नळ गळतो. माझ्या धाकट्या भावाला त्यातून माणसं बोलताना ऐकू यायची, तासन्‌तास कान लावून बसायचा, म्हणून मी तो बदलला नाही. भाचीने खुशाल नवा बसवावा.

२. काप उचलायचा बारीक कुंचला माझ्या जागेवर आलेल्या बाईंना. कोणाला उसना देऊ नये. मी एकदा दिला, तो केस झडून परत आला. अजून विसरलेले नाही.

३. आता दादा. धाकट्याला आवाज ऐकू यायला लागले तेव्हा तू म्हणालास, "नाटकं आहेत नुसती. दोन ठेवून दिल्या की उतरतील." आणि ठेवून दिल्यास. आई मरेपर्यंत विचारत राहिली, "माझं वाढवण्यात काय चुकलं गं?" धाकटा गेला, तेव्हा त्याचा मेंदू अभ्यासाला द्यायच्या कागदावर तू सही केली नाहीस. मी केली.

४. कबुली. कापणाऱ्याला नंबर कळतो, माणूस कळू द्यायचा नाही, असा आमचा नियम. कागद मीच भरल्यामुळे त्याचा नंबर मला माहीत होता. साहेबांना सांगून बाजूला व्हायला हवं होतं. पण त्याला परका हात लागावा हे सोसेना. सगळे काप नीट काढले. शेवटचा काचेवर घेतला आणि चष्म्याच्या डबीत घालून घरी आणला. पेशी मोजताना एक काप कमी भरला. साहेबांनी तीनदा विचारलं, मी ढिम्म. "संच अपुरा" असा शेरा मारून त्यांनी धाकट्याला अभ्यासातून काढून टाकलं. जिवंतपणी तू त्याचं खरं मानलं नाहीस, दादा; मेल्यावर मी त्याची साक्ष बुडवली. याचं मला रोज वाईट वाटतं.

५. ती डबी कपाटात वरच्या कप्प्यात आहे. या कबुलीसह काच प्रयोगशाळेला परत द्यावी आणि माझाही मेंदू द्यावा. एकाच आईची दोन मुलं, एकाला आजार, एकीला नाही, अशी जोडी त्यांना सहसा मिळत नाही. माझ्या काचा त्याच्या शेजारी ठेवाव्यात. मी गेल्यावर सहा तासांत जवळच्या नातेवाइकाची सही लागेल. जवळचा आता तूच उरलास.

६. दादाला मी काही ठेवलेलं नाही. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. मला साक्षीदार तू हवास. वाचल्याशिवाय सही करू नकोस.

ठिकाण: स्वयंपाकघरातलं टेबल. दिनांक ९ मार्च.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार १, घरचे डॉक्टर: (सही) बाई पूर्ण शुद्धीवर आहेत.

साक्षीदार २, थोरला भाऊ: (सही) सगळं वाचलं. नाटकं नव्हती. त्या दुसऱ्या कागदावरही करीन सही, पण तू घाई करू नकोस.