केम्पिर-बेटची फिल्म आणि मामांचा शब्द

कोक-बुलाक, नोरुझचा दुसरा दिवस

आदरणीय जुमाबेक मामा,

भाची सेझिमचा छातीशी हात धरून सलाम. गुडघा कसा आहे? मामींची कंबर? बिश्केकच्या धुराने खोकला वाढला नाही ना? इकडे आई ठीक, गाई ठीक, मेंढ्या व्यायला लागल्यात, आणि तुम्ही आमच्या भरवशावर सोडून गेलेला काश्का घोडा इतका मजेत आहे की त्याच्याबद्दल खाली वेगळं लिहावं लागेल.

मामा, फिल्म झाली! (पत्र इथेच संपवलं तरी चालेल, पण आज माझा हात कोण धरणार?) दादाच्या लग्नात मानाच्या जागी बसून, समोर मेंढ्याचं डोकं घेऊन, तुम्ही सगळ्या सोयऱ्यांदेखत म्हणाला होतात, "आमच्या सेझिमने हाती घेतलेलं एक तरी काम पुरं केलं ना, तर मी स्वतः पायाला स्की बांधून केम्पिर-बेटवरून खाली येईन!" सगळे पोट धरून हसले, मीही हसले. अर्धवट राहिलेला लोकरीचा नमदा, दुसऱ्या सुरावरच अडलेलं कोमुझवादन आणि सोडून दिलेला नर्सिंगचा कोर्स माझ्याच नावावर आहेत, मी कुठे नाही म्हणते? पण घरी येऊन रडले. तेव्हापासून कुणी भांडी घासायला दिली तरी विचारतं, "पुरं करशील ना गं?" मला ते फार लागलं होतं, मामा.

म्हणून ठरवलं, स्कीची फिल्म काढायची आणि तीही त्याच डोंगरावर. सोबत माझी मैत्रीण उल्कान (शाळेत कवायत शिकवते, चालण्याआधी घसरायला शिकली असावी) आणि लग्नांचं शूटिंग करणारा मेलिस. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी काही देणारही नव्हतं. नुसती मजा म्हणून. एवढी मजा मी आजवर कशात केली नव्हती, आणि मुख्य म्हणजे मधेच सोडावीशी वाटली नाही.

मोठ्या उताराच्या दिवशी पायथ्याशी तोक्तोसुन आजोबांना बोलावलं. दुवा घेतल्याशिवाय आपल्याकडे कोण डोंगर चढतं? मेलिसने कॅमेरा चालू केला, आम्ही तळवे वर करून उभे राहिलो, आणि आजोबा सुरू झाले. आमच्या पायांसाठी मागितलं, मग आमच्या होणाऱ्या नवऱ्यांसाठी (उल्कानने डोळे फिरवले), मग गुरांसाठी, कुरणासाठी, शाळेच्या गळक्या छपरासाठी. सात पिढ्यांची नावं झाली. थंडी अशी की नाकातला श्वास गोठावा. मेलिसला कॅमेरा बंद करायचा होता, पण दुवा चालू असताना हात खाली कोण घेणार? अखेर "ओमिन" झालं, सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. वडीलधाऱ्यांना रिकाम्या हाती पाठवायचं नाही, म्हणून मी खाण्याचं अख्खं गाठोडं त्यांच्या खोगिराला बांधलं. फार शहाणपण केल्यासारखं वाटलं.

काश्काने आम्हा दोघींना दोरीने ओढत वर नेलं. वरून पाहिलं तर खाली मेलिस दोन्ही हात हलवत उड्या मारतोय. उल्कान म्हणाली, "बघ, कसा घाई करतोय! चल." आणि आम्ही सुटलो. मामा, काय सांगू! कमरेइतकं कोवळं बर्फ, एकदाही पडलो नाही, पोटातून हसू येत होतं. मी आयुष्यात इतकी चांगली कधी घसरले नाही. खाली येऊन मेलिसच्या गळ्यात पडले तर तो रडकुंडीला आलेला. "अगं बायांनो, थांबा म्हणत होतो! बॅटरी दुवेतच संपली!"

"मग दुसरी लाव की!"

"गाठोड्यात होती. तळलेल्या गरम बोर्सोकमध्ये ऊब राहील म्हणून ठेवली होती."

(फोनही थंडीने केव्हाच मान टाकून बसला होता.)

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा घोड्यावरून आले, हातात बॅटरी. "बोर्सोक म्हणून हिलाच चावलो! माझ्याकडे चार दात उरलेत, त्यावर कोणाचा डोळा आहे?" मेलिसने तिथल्या तिथे बॅटरी लावून त्यांचं सगळं ओरडणं टिपलं, आणि त्यांच्या मागे डोंगरावर उमटलेल्या आमच्या दोन रेघाही. मग जे धुकं उतरलं ते नोरुझपर्यंत हललंच नाही.

काल शाळेच्या हॉलमध्ये चादर लावून फिल्म दाखवली. स्कीच्या फिल्ममध्ये स्की करणारं माणूस नाही! पडद्यावर आजोबांनी हात उचलले, आणि मामा, अख्ख्या हॉलने हात उचलले. लेकुरवाळ्या, पोरं, रात्रभर नोरुझची सुमोलोक खीर ढवळून दमलेल्या बायका, सगळे तळवे उघडून शेवटपर्यंत बसले. "ओमिन" असं घुमलं की चादर हलली. लगेच पडद्यावर रिकामा डोंगर आणि त्यावर दोन लांबच लांब रेघा. कुणीतरी म्हणालं, "बघा, दुवा लागली!" मग टाळ्या. आजोबांच्या ओरडण्याला तर लोक बाकांवरून खाली पडले. नवी सून पहिल्यांदा पाहिल्यावर देतात तसा आहेर म्हाताऱ्यांनी फिल्मला केला. मेलिसच्या कॅमेऱ्याला पांढरा रुमाल बांधलाय आणि आमच्या अंगणात एक मेंढी ओरडतेय. आई रडली. मी नाही. (थोडीशी.)

मामींना आणि मुलांना प्रेम.

तुमची कामं पुरी करणारी भाची,
सेझिम

ता. क. काश्काला सवय लागलीय. कॅमेरा दिसला की मान वळवून उभा राहतो, लगाम ओढला तरी हलत नाही. शर्यतीच्या वेळी प्रेक्षकांचे फोन लपवावे लागतील.

ता. क. २. एक बारीकशी गोष्ट राहिली. फिल्मच्या शेवटी आम्ही पाटी टाकलीय, "एक उतार बाकी: जुमाबेक". हॉलमध्ये तुमच्या नावाचा गजर झाला. तुम्ही म्हणाल, फिल्म पुरी झाली नाही तर मी का उतरू? आणि तुम्ही उतरल्याशिवाय ती पुरी होत नाही. यावर तुमच्या बहिणीने निवाडा दिलाय: जुमाबेक वयाने मोठा, तेव्हा पहिला मान त्याचा. आज ताजं बर्फ पडलंय, तुमच्या मापाचे बूट आणलेत, ओढायला काश्का आहे. तोक्तोसुन आजोबा म्हणाले, "जुमाबेक उतरणार? मग दुवा चांगली लांब लागेल." काळजी नको. या वेळी सगळ्या बॅटऱ्या माझ्या काखेत असतील.