बैठकीचा बिल्ला

८ जानेवारी १९५७, मंगळवार

सुमनचे वडील आज तुकईथडहून आले. तास चालू होता, मी खडू हातात घेऊनच वर्गाबाहेर गेले. ते उभ्याउभ्याच बोलले. "बाई, मराठी वर्ग बंद होनार म्हनतात. पोरीले हिंदीत गनित काय समजीन? घरी नेतो मग." मी म्हटलं, अजून काही ठरलेलं नाही. खोटं बोलले. हुकूम मागच्याच आठवड्यात आलाय: जुलैपासून आमचा आठवीचा मराठी वर्ग हिंदी वर्गात मिळवायचा.

सुमन काही माझी सगळ्यांत हुशार मुलगी नाही. पण इथे बुऱ्हाणपुरात, शनवाऱ्यात मावशीकडे राहते, तिची भांडी घासून शाळेत येते आणि कधी उशीर करत नाही. ती घरी बसणार. का, तर राज्याची नवी रेघ ओढताना आम्ही रेघेच्या या बाजूला, मध्य प्रदेशात राहिलो.

मोठ्या बाईंचे गुडघे धरलेत. म्हणाल्या, तुम्हीच भोपाळला जा, उपसंचालकांना प्रत्यक्ष भेटा.

राजधानी पूर्वीसारखी नागपूर असती तर प्रश्न नव्हता. सीताबर्डीवर आत्याचं घर, कचेरीत आपल्या भाषेत बोलणारे कारकून. भोपाळात माझं कोण आहे?

१४ जानेवारी, सोमवार

संक्रांत. हळदीकुंकू उरकलं, पण माझं लक्ष अर्जात. तीनदा लिहिला. पहिला फार रागाचा, दुसरा फार लाचार. तिसरा बरा आहे, पण वाचताना कोणी दुसरीनेच लिहिल्यासारखा वाटतो.

ह्यांना म्युनिसिपालटीतून रजा नाही. धाकटे भाऊजी बरोबर येताहेत. त्यांना तिकडे कापसाच्या एका व्यापाऱ्याला भेटायचंच आहे. सासूबाईंनी तिळगुळाचा डबा गच्च भरून दिला. म्हणाल्या, रथसप्तमीपर्यंत जो भेटेल त्याच्या हातावर ठेव. नवं राज्य आहे, गोड बोलू दे त्यांनाही.

१६ जानेवारी, बुधवार. भोपाळ

काल आमच्या गावच्या लालबाग स्टेशनावर गाडीत बसलो, इटारसीला बदलली. अंग ठणकतंय. थंडी आपल्याकडच्यापेक्षा पुष्कळ जास्त.

सगळ्या राज्याची कामं इथे आल्यामुळे गावात उतरायला जागा नाही. स्टेशनजवळच्या एका लॉजमध्ये मिळाली. दोन वर्ग: साधा आणि स्पेशल. साध्यात एका खोलीत चार खाटा, सगळे पुरुष. मॅनेजर म्हणाला, "बाई साहब, लेडीज़ के लिए तो स्पेशल ही है।" म्हणजे मी बाई असल्याचा दंड. दर लिहीत नाही, पुन्हा राग येईल. भाऊजी साध्यात.

स्पेशलवाल्यांना खोलीच्या किल्लीबरोबर एक पितळी बिल्ला मिळतो. तो दाखवला की खालच्या बैठकीत बसता येतं. गालिचा, वेताच्या खुर्च्या, शेगडी, वर्तमानपत्रं, टेलिफोन, आणि दोन्ही वेळा चहा-बिस्किटं. दरात हे सगळं धरलेलं आहे, हे मॅनेजरने स्वतः ऐकवलं. संध्याकाळी कचेरीतून गारठून आले, बिल्ला घेऊन खाली गेले. तोच मॅनेजर आडवा. बैठकीत जनाना बसत नाही म्हणे, चहा वर पाठवतो.

चहा वर आला तो निवलेला. बिस्किटं बैठकीतच राहिली.

मी म्हटलं, निदान माझ्या बिल्ल्यावर भाऊजींना बसू द्या, त्यांना टेलिफोन करायचा आहे. तेही नाही. बिल्ला खोलीचा असतो. भाऊजी हसत सुटले. "वहिनी, तुमच्याकडे बिल्ला आहे, माझ्याकडे मिशा आहेत. दोघं मिळून एक गिऱ्हाईक होतं." त्यांना हसू येतं. मला आलं नाही. पैसे घेताना मी माणूस होते, खुर्ची द्यायच्या वेळी जनाना झाले?

कचेरीचं: उपसंचालक (उ.सं.) "दौऱ्यावर". चपराशी छताकडे बघून बोलतो. व्हरांड्यात एक बाक, त्यावर खकनारच्या मराठी शाळेचे गुरुजी आधीपासून बसलेले. त्यांचाही वर्ग बंद व्हायचाय, तेही अर्ज घेऊन आलेत. सोमवारपासून बसताहेत, धर्मशाळेत उतरलेत. मला जागा करून दिली आणि तपकीर ओढत मुलांच्या अक्षरावर इतकं बोलले की माझं डोकं उठलं. चांगला माणूस आहे. थोडं कमी बोलला तर आणखी चांगला वाटेल.

१७ जानेवारी, गुरुवार

आजही नाही. उ.सं. "मीटिंगमध्ये". गुरुजींनी मला पुडीतले फुटाणे दिले. बाकावर दुपार गेली.

परत आल्यावर मॅनेजरला स्पष्ट विचारलं, ज्याचा उपयोग नाही त्याचे पैसे का घेता? तो जरा नरमला, आणि मग जे बोलला त्याने माझं डोकं आणखी फिरलं. साहेबलोकांना अजून बंगले मिळालेले नाहीत. निम्मं सरकार लॉजांतून राहतंय. आमचे उ.सं. याच लॉजमध्ये, वरच्या मजल्यावर, नोव्हेंबरपासून. रोज संध्याकाळी बैठकीत असतात. "स्पेशल लोग चाय के लिए थोड़े ही लेते हैं, बाई साहब। दफ़्तर में क्या रखा है? साहब तो यहाँ मिलते हैं।"

दौऱ्यावर असलेला माणूस रोज संध्याकाळी माझ्या खोलीखाली बिस्किटं खात होता. आणि तो भेटण्याची सोय लॉजवाला विकतोय. उजळ माथ्याने, दरपत्रक लावून. जे काम कचेरीत फुकट व्हायला हवं ते इथे खुर्चीच्या भाड्यावर होतं. ज्याला भाडं जमेल त्याचा वर्ग चालू, बाकीच्यांनी बाकावर बसून फुटाणे खावेत.

भाऊजी म्हणाले, मग खालीच जा, आणखी कशाची वाट बघता? मी म्हटलं, अर्ज घेऊन तिथे गेले तर त्या मॅनेजरचं खरं ठरेल. वर खोलीत राहिले तर तो मला फसवून मोकळा. शेवटी ठरवलं: अर्ज खोलीत ठेवायचा. खाली जायचं ते हक्काच्या खुर्चीत बसायला. फक्त बसायला.

दारावरच्या माणसाने बिल्ला पाहिला, मला पाहिलं, परत बिल्ला पाहिला. मी आत गेले. एका म्हाताऱ्या साहेबाने पाय खुर्चीवरून खाली घेतले आणि चपला शोधू लागला. मी शेगडीजवळ बसले. चहा आला. बिस्किटंही आली. इतकी बेचव बिस्किटं मी आयुष्यात खाल्ली नसतील, पण सगळी खाल्ली.

मफलर गुंडाळलेले एक गृहस्थ नागपूरचं शिळं वर्तमानपत्र वाचत होते. मराठी. तेच उ.सं. त्यांनीच विचारलं, कुठच्या आपण? बुऱ्हाणपूर म्हटल्यावर चेहरा खुलला. "तुमच्याकडची मावा जिलबी अजून तशीच मिळते का हो?" बायको-मुलं नागपुरात, शाळांचं वर्ष मोडायला नको म्हणून. यंदा संक्रांतीचा तिळगूळही हातावर पडला नाही म्हणाले.

डबा माझ्या मांडीवर होता. उघडला, त्यांना दिला, मग खोलीतल्या प्रत्येकाला. त्या म्हाताऱ्यालाही. हसलेच सगळे.

इथे कशाकरता आलात, विचारलं. एका वाक्यात सांगितलं. ते म्हणाले, "ते सगळं कचेरीत, बाई. इथे मी फक्त चहा पितो." मला फार बरं वाटलं. म्हणजे माणूस सरळ आहे. बैठक विकणाऱ्याचा दोष, बसणाऱ्याचा नाही.

पण नुसतं बसायला जायचं होतं, तर डबा बरोबर का नेला होता? अर्ज वर ठेवला नि डबा घेतला. सहज घेतला, असं लिहिणार होते.

१८ जानेवारी, शुक्रवार

कचेरीत पोचले. गुरुजी बाकावर. बसायला पदर सावरते तोच चपराशी बाहेर आला. या खेपेला त्याची नजर छताकडे नव्हती. माझं नाव घेतलं, बुऱ्हाणपूरवाल्या बाई, चला.

मी उठले. लगेच उठले. गुरुजी म्हणाले, "जा, जा बाई. तुमचं तरी होऊ द्या."

आत उ.सं. हिंदीत बोलले, कारकून समोर होता म्हणून असेल. अर्ज नीट वाचला, दोन प्रश्न विचारले, दोन्ही योग्य. शेरा मारला. चहा निवायला लागतो तेवढ्यात झालं सगळं. तिळगुळाचा, बैठकीचा शब्द नाही. मला वाटतं, अर्जच चांगला होता. तिसरा अर्ज खरंच चांगला होता.

बाहेर आले तेव्हा चपराशी गुरुजींना सांगत होता की साहेब आता मीटिंगला जाणार. गाडी गाठायची होती. नमस्कार केला आणि निघाले.

२० जानेवारी, रविवार

घरी. सासूबाईंनी डबा उघडून बघितला. तळाशी थोडा उरलाय. कोणाकोणाला दिलास, त्यांनी विचारलं. सांगितलं: गाडीतल्या बायका, लॉजमधले साहेब, तो मॅनेजर (हो, त्यालाही, निघताना), टांगेवाला.

सांगता सांगता थांबले.

गुरुजींना नाही दिला. दोन अख्ख्या दुपारी एका बाकावर काढल्या, त्यांचे फुटाणे खाल्ले, आणि डबा लॉजमध्ये. जो भेटेल त्याला म्हणाल्या होत्या सासूबाई. खकनारचे गुरुजी त्यांना माहीतही नाहीत.

आणखी एक. पिशवी झटकली तर बिल्ला पडला. घाईत किल्ली परत केली, हा राहिला. दुसऱ्याची वस्तू. उद्या पोस्टाने पाठवते.

२३ जानेवारी, बुधवार

बिल्ला फडक्यात शिवला, वर मॅनेजरचा पत्ता घातला. पोस्ट बंद झालं होतं.

३० जानेवारी, बुधवार

हुकूम सोमवारीच आला, खेड्यांतल्या शाळांनाही पोचलाय. आमचा मराठी वर्ग राहणार. एक वर्ष, मग पुन्हा विचार. मोठ्या बाईंनी आज शिक्षकांच्या खोलीत जिलबी मागवली, माझं कौतुक केलं. हुकुमाची खालची ओळ त्यांनी वाचली नाही, मी वाचली: तालुक्यात या वर्गासाठी मराठी शाखा एकच ठेवावी. म्हणजे खकनारची बंद.

सुमन मधल्या सुट्टीत आली. मला वाटलं, आनंदाने आली. "बाई, बाबा म्हणाले तू राहा आता शनवाऱ्यात. पण माझी बहीण लीला खकनारच्या वर्गात आहे ना, ती जुलैपासून घरी." मग जरा थांबून, "तिला इकडे आणलं तर मावशी नाही म्हणते. एकीलाच जागा आहे."

मी जिलबी खाल्ली नव्हती हे एक बरं.

संतापाने सबंध दिवस गेला. कोणावर, ते नीट लिहिता येत नाही. हुकुमात 'एकच' लिहिणारा तो कारकून? उ.सं.? त्यांनी आमचा अर्ज वाचून खराच न्याय केला असेल. गुरुजींचा वाचला का? वाचला असता तर दोन्ही राहिले असते, की आमचा गेला असता? मला कधीच कळणार नाही, आणि याच गोष्टीचा सगळ्यांत जास्त राग येतो. ती खुर्ची मला फुकट मिळाली असती, किंवा मिळालीच नसती, तर निदान आपला अर्ज चांगला होता एवढं तरी मला ठाऊक असतं.

हे म्हणाले, तू पैसे भरलेस, बसलीस, लाच दिली नाहीस. बरोबर आहे. पण ह्यांनी ते लगेच म्हटलं. मीही बाकावरून अशीच लगेच उठले होते.

२ फेब्रुवारी, शनिवार

गुरुजी आले. बुऱ्हाणपुरात मुलीचं सासर आहे, तिच्याकडे उतरलेत. मला वाटलं, ऐकवतील. ऐकवलं नाही. पाणी प्यायले, आमच्या वर्गाचं अभिनंदन केलं. अक्षराबद्दल एक शब्द बोलले नाहीत, त्यावरून कळलं की किती लागलंय.

सोमवारी पुन्हा भोपाळला निघताहेत. मुलांच्या आईबापांच्या सह्या-अंगठे घेतलेत, मोठा कागद भरलाय.

मग म्हणाले, "बाई, तुमचं काम कसं झालं ते मी विचारत नाही. उतरला कुठे होतात तेवढं सांगा."

मी लॉजचं नाव सांगितलं. त्यांना स्पेशलचं कुठून तरी कळलंय, त्या बाकावर सगळंच कळतं. "दर माझ्या आवाक्यातला नाही. पण घेण्यासारखं असेल तर घेईन, जावयाकडून उसने काढीन. तुम्ही राहिलात, तुम्हीच सांगा. घेण्यासारखं आहे का?"

शिक्षिका आहे मी. कोणी प्रश्न विचारला तर उत्तर देते. म्हटलं, उद्या सांगते. उद्या सकाळी या.

घ्या म्हणावं, तर कचेरी लॉजच्या बैठकीत भरते हे मी मान्य केलं, आणि एका गरीब माणसाला जावयापुढे हात पसरायला लावलं. नका घेऊ म्हणावं, तर कोणत्या तोंडाने? माझा वर्ग तर राहिलाय. आणि घेऊनही उपयोग झाला नाही तर? उ.सं. रोज जिलबीच्या आठवणीने खुलत नसतील. मीही कशाच्या जोरावर आत गेले, ते मलाच सांगता येत नाही.

जेवताना भाऊजींपुढे बोलले. ते भात कालवत म्हणाले, "त्यात काय, वहिनी. तो बिल्ला तुम्ही अजून धाडला नाही ना? गुरुजींना द्या. साध्यात उतरतील, बैठकीत बसतील. त्यांना तर मिशाही आहेत."

सासूबाई हसल्या, हे हसले. मीही हसले, मग उठून आत गेले. ती चोरीच ना? लॉजवाल्याच्या चोरीवर आमची चोरी. मग ते पार्सल अजून कपाटात का आहे? पोस्ट रोज उघडं होतं.

३ फेब्रुवारी, रविवार

सकाळ. अंघोळ उरकून बसले आहे. रथसप्तमी अजून व्हायची आहे. डब्यातला उरलेला तिळगूळ वाटीत काढला. तो आधी गुरुजींच्या हातावर ठेवणार, एवढं नक्की. उशीर झाला तरी.

पार्सल टेबलावर आहे. शिवण पक्की घातली होती मी, दुहेरी दोऱ्याची. कात्री शेजारी आणून ठेवली, मग उचलून खणात टाकली, मग पुन्हा

कडी वाजते आहे.