धाकट्याच्या सहीने मोडलेले कलम

मी, दारे-खिडक्या करणारा सुतार, वय वर्षे चोपन्न, अविवाहित, डोके ठिकाणावर असताना आणि कोणी भरीस न घालता हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. सुतारकी मी बघून शिकलो आणि कायदा वाचून. चूक काढणाऱ्याने आधी पुस्तक उघडावे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते का मोडले, ते कलम तीनमध्ये येईल.

१. हत्यारे. पटाश्या, करवती व दोन्ही रंधे चर्चच्या आश्रयगृहातील कारखान्याला द्यावेत. रस्त्यावर दिवस काढलेली, दारू नाहीतर गर्द सोडू पाहणारी माणसे तिथे माझ्या हाताखाली काम शिकतात. पटाशीला रोज धार लावावी. बोथट हत्याराला जोर लागतो, आणि जोर लावला की बोट जाते.

२. मेव्हण्याला काहीही देऊ नये. त्याने माझा रंधा मागून नेला, खिळ्यावरून फिरवला आणि वर म्हणाला, “पातं आधीच तसं होतं.” बहिणीला शिसवी कपाट द्यावे. किल्ली तिच्याच हातात द्यावी.

३. घर. पहिल्या मृत्युपत्रात ते मी धाकट्या भावाला दिले होते. दारूपायी त्याचा संसार मोडला. आश्रयगृहाच्या सिस्टरने त्याला पुन्हा पुन्हा फुटपाथवरून उचलून माझ्या दारी आणले. साक्षीला मी बेकरीवाल्याला आणि शिंप्याला बोलावले होते. शिंपी आलाच नाही. धाकटा म्हणाला, “दादा, मी करतो सही.”

“ज्याला मिळणार, त्याने साक्षीदार व्हायचं नसतं, शहाण्या. घर हातचं जाईल.”

“नक्की जाईल?”

“कायदाच आहे तसा.”

“मग आण ते पेन इकडे!”

आणि कागद ओढून त्याने सही ठोकली. मी ओरडलो, अक्कल गहाण टाकलीस का म्हणून. तर म्हणतो, “घर नावावर झालं की विकून पिईन मी, दादा. तुला माहीत आहे.” मला माहीत होते. बेकरीवाला तेवढ्यात म्हणाला, “सही मात्र झोकदार आहे हो!”

४. म्हणून घर आश्रयगृहाला देतो. पिऊन आलेल्याला तिथे आत घेत नाहीत. यावरून मी सिस्टरशी भांडलो. ती म्हणाली, “दादा, एकाच्या वासाने बाकीचे घसरतात हो. त्यांनी कुठे जायचं?” तिचे खरे आहे. पण बाहेर राहिलेला कुठे जातो, हे मी भावाला शोधताना पाहिले आहे. तेव्हा माझे घर फक्त पिऊन आलेल्यांसाठी ठेवावे. पाणी, अंथरूण द्यावे. उपदेश आणि प्रार्थना नशा उतरल्यावर. मुख्य दार आत उघडते, त्यामुळे टेकून बसलेला माणूस दार उघडताच आत आडवा होतो. बिजागऱ्या बदलू नयेत. उंबऱ्यापाशी गादी टाकावी. कोण आला, कितव्यांदा आला, हे विचारू नये. तो माझा भाऊ निघाला, तरी वारस म्हणून आलेला नाही, एवढे कायद्याने लक्षात घ्यावे.

अंमलबजावणी सिस्टरने करावी. तिच्याशी माझे पटत नाही, पण ती दिलेला शब्द पाळते.

ठिकाण: माझे घर, पुढची खोली.
दिनांक: चौदा मार्च.
सही: सुतार

आमच्या देखत त्याने व त्याच्या देखत आम्ही सही केली:

१. समोरचा बेकरीवाला.

२. धाकटा भाऊ. (न बोलावता आला. कालपासून प्यायलेला नाही, म्हणून हात थरथरतो. अक्षर वाकडे आहे, सही त्याचीच.)