तळ्याकाठच्या पक्षिफेरीत दफडे वाजवल्याबाबत

प्रति,
मा. विस्तार अधिकारी साहेब (शिक्षण),
गट कचेरी.

अर्जदार : नागोराव उकंडा मनवर, मौजे बोरखडी, जि. यवतमाळ.

विषय : येत्या रविवारच्या पक्षिफेरीत वाट दाखवण्याचे काम अर्जदाराच्या मुलीकडेच ठेवणेबाबत.
संदर्भ : गेल्या रविवारी अर्जदाराने तळ्याकाठी घातलेला गोंधळ.

महोदय,

१. अर्जदार अत्यंत शरमेने कळवतो की, दिवाळीनंतर परमुलखातून आमच्या तळ्यावर उतरणारे करकोचे व चक्रवाक पाहण्यास आपण शाळेची मुले आणि यवतमाळचे पाहुणे घेऊन आला होता. काठाने पुढे चालून पक्षी दाखवण्याचे काम आपण अर्जदाराची मुलगी सत्यभामा, इयत्ता सातवी, हिला दिले होते. आमच्या वस्तीतले माणूस साहेबांच्या पुढे चालले, असे अर्जदाराने उभ्या जन्मात पाहिले नव्हते. आमचे वाडवडील पुढे असत ते फक्त वाजवायला.

२. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या साली वस्तीने साहेब-पाटलांसाठी वाजवणे सोडले. तेव्हापासून दफडे खुंटीला आहे. फेरीच्या आदल्या दिवशी पाटलांनी 'वाजव ना गा नागोराव, साहेब लोक येऊन राह्यले' असा निरोप धाडला. अर्जदाराने साफ नाही म्हटले. सबब पुढील प्रकार कोणाच्या सांगण्यावरून घडलेला नाही, ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

३. सकाळी बांधावरून पाहतो तर पुढे पोरगी, मागे टोपीवाले साहेब, आणि तिने ओठांवर बोट ठेवले की सगळे गपगार! अर्जदाराचा ऊर भरून आला. हात काही राहीनात. घरी धावत जाऊन दफडे काढले, जाळावर शेकले आणि बांधावर येऊन कडाडून वाजवले. अख्खे तळे रिकामे झाले. पाहुण्यांच्या दुर्बिणी डोळ्यांनाच राहिल्या. सत्यभामा वळून एवढेच म्हणाली, 'बाबा, कायले वाजवलं?' साहेब, धरणी पोटात घेईल तर बरे, असे झाले.

४. गाव हसून राह्यले, ते हसो. परंतु येत्या फेरीला मुलीऐवजी दुसरा कोणी नेमल्याचे गुरुजींकडून कळले. बापाचे खापर पोरीच्या डोक्यावर कायले? अर्जदार त्या दिवशी गाव सोडून दूर फुलसावंगीला जाऊन बसेल. भरवसा नसल्यास त्यास चावडीत कोंडावे. करकोचे परतले नसल्यास शेजारच्या तळ्यावरून त्यांना वळवून आणण्यासही अर्जदार तयार आहे, अर्थात न वाजवता. दफडे कचेरीत जमा करून घ्यावे. मात्र पोरीला पुढे चालू द्यावे.

आपला,
मान वर न होणारा,
नागोराव उकंडा मनवर
(निशाणी डावा अंगठा)
दि. १७ नोव्हेंबर १९६४

सोबत : दफडे, नग एक.

अर्ज लिहिणार : कु. सत्यभामा नागोराव मनवर.
बाबांनी सांगितले तसे लिहिले. दफडे पाठवलेले नाही, ते आमच्या घरीच राहील. बाबांना कोठेही पाठवू नये. मी पुढे चालले तर ते पाहायला बाबा काठावर असावेत, ही विनंती.