बॉनेटवरचं समुद्राचं पाणी

मलपे,
मासेमारी पुन्हा सुरू झाल्याचा पहिला आठवडा

प्रिय भविष,

“त्या दिवशी मी तोंड बंद ठेवलं असतं, तर झाली असती ना गं गाडी दुरुस्त?” अम्मा मला हे नीर डोसे घालता घालता विचारते, तव्यावरून नजर न काढता. हो म्हणावं, तर खरं बोलणं हीच तिची चूक ठरते. नाही म्हणावं, तर मी खोटी ठरते. घरातली पहिली बी.एस्सी. मी, सगळ्या वाड्यातले अर्ज नि नोटिसा वाचून दाखवणारी, आणि या एका प्रश्नापुढे चटणी वाटायच्या निमित्ताने उठून जाते. तूही त्या दिवशी समोर होतास, म्हणून तुलाच लिहिते आहे.

गाडी आपण का घेतली ते तुला आठवत असेल. बंदरावरून टोपली घेऊन अम्मा बसमध्ये चढली की कंडक्टर तिला मागच्या दाराशी उभी करायचा, आणि गर्दी असली की “वारिजक्का, पुढची धर, लोक नाकं मुरडतात” म्हणून उतरवायचा. ती हसून उतरायची. मला ते हसू कधी सहन झालं नाही. नोकरी लागल्यावर मी ठरवलं, अम्मा आता बसला हात करणार नाही. गाडी तू नोकरीला आहेस त्या शोरूममधून घेतली, रंग तू निवडलास. मोत्यासारखा पांढरा. अम्मा म्हणाली होती, “मासळीवालीला पांढरी गाडी देतोस, मगा, पोरा, धुणार कोण, तू?” आणि तू मान डोलावली होतीस.

गाडी घरी आली त्या सकाळी तिने काय केलं तेही तू पाहिलंस. आजोबांच्या काळापासून आमच्या घरी नवी बोट पाण्यात उतरायच्या आधी तिच्या पुढच्या टोकावर, नाळेवर, कलशभर समुद्राचं पाणी ओततात आणि ते पुसत नाहीत, आपोआप वाळू देतात. पुढं ज्या पाण्यात जन्म काढायचा, त्याची ओळख आधी करून द्यायची. आमच्या घरात याआधी जे काही नवं आलं ते बोटच होतं, त्यामुळे गाडीलाही तेच. बॉनेटवर कलश रिकामा करताना तिने डोळे मिटले होते. मला वाटलं होतं तू हसशील. तू चपला काढून उभा राहिलास. त्या दिवशी मी मनात एक गोष्ट ठरवली होती, ती तुला कधी सांगितली नाही.

वर्षाच्या आत टपावर फोड आले. साबुदाण्याएवढे, मग मोठे. मग डिकीच्या दाराभोवती. नखाने दाबलं की पापुद्रा सुटायचा. वॉरंटी होतीच, म्हणून आम्ही निर्धास्तपणे तुझ्याकडे आलो. तू टॉर्च घेऊन डिकीचं रबर ओढून पाहिलंस. रबराच्या आतही फोड होते. “इथं बाहेरचं पाणी कसं पोचेल?” असं तू म्हणालास, मोठ्याने, आम्हा दोघींसमोर. आणि त्याच बैठकीत अम्माने, तू घरचाच म्हणून, बांगडा मासळीची पिशवी तुझ्या टेबलाखाली सरकवत सांगितलं, “तेवढं एक समुद्राचं पाणी घातलं होतं बाबा बॉनेटवर, पहिल्या दिवशी. तूच होतास की.” तू ते लिहून घेतलंस. रबराखालचं मात्र लिहिलं नाहीस.

नकाराचं पत्र आलं त्यात एवढंच होतं, मालकाने गाडीवर खारं पाणी ओतल्याने रंग खराब, दावा अमान्य. बॉनेट हा शब्दही नव्हता, आणि फोड टपावर नि डिकीला आहेत हेही नव्हतं. मॅनेजरला भेटायला गेलो तर तो खुर्चीत मागे रेलून म्हणाला, “बंदरावरच्या लोकांना गाडी द्यायची म्हणजे हेच. उद्या माशांच्या टोपल्या ठेवाल आणि म्हणाल आतून वास येतो.” अम्मा तिथल्या तिथे म्हणाली, “साहेब, दर रविवारी तुमच्या घरी सुरमई जाते ती माझ्याच टोपलीतली. तिचा वास नाही वाटतं येत?” बाहेर कोणीतरी फसकन हसलं. तू मात्र संगणकात डोकं घालून बसला होतास.

जिंकल्यासारखी बाहेर आलेली अम्मा घरी येईपर्यंत विझली होती. तिने मामाच्या जाळ्यांच्या शेडमध्ये गाडी ठेवायला लावली, वर ताडपत्री टाकली, आणि दुसऱ्या दिवशी टोपली घेऊन बस स्टॉपवर जाऊन उभी राहिली. मी अडवलं तर म्हणाली, “माझ्या हाताने नासली ती. मी नाही बसायची.” भविष, कंपनीने रंग नाकारला याचं मला फारसं काही नाही. पण जिने डोळे मिटून आशीर्वाद दिला, तिलाच आपला हात अपशकुनी वाटायला लागला, हे मी कसं सोडू?

मग तू घरी आलास. किती काळजीने आलास तेही मी पाहिलं. नवा रंग फुकट, फक्त एका कागदावर सही, की बिघाड आमच्या पाण्याने झाला आणि कंपनी केवळ सद्भावनेने मदत करते आहे. “सही करून टाका वारिजक्का, गाडी नवी होऊन येईल. भांडून कोणाचं भलं झालंय?” आणि अंगणात मला हळूच सांगितलंस, की याच रंगाच्या आणखी गाड्या अशाच आल्या होत्या आणि त्यांना काहीही न विचारता रंग देऊन मिळाला. त्यांच्या मालकांनी समुद्राचं नाव काढलं नव्हतं, एवढाच फरक. मी आत आले तेव्हा अम्माने पेन हातात घेतलं होतं. ते मी तिच्या हातातून ओढून घेतलं. तू म्हणालास, “शिकलीस म्हणून एवढा ताठा?” हो. शिकले म्हणूनच. नाहीतर कशासाठी शिकवलं तिने मला, मासे विकून?

त्यानंतर मी काय केलं ते तुला माहीत नाही. पुढच्या डाव्या दाराला एकही फोड नव्हता. मासेमारी बंद होती तो अख्खा काळ मी रोज सकाळी कलशभर समुद्राचं पाणी आणून त्या एकाच दारावर ओतत राहिले आणि वाळू देत राहिले. रोज फोटो काढले. पहिल्यांदा अम्मा ओरडली, “वेडी झालीस? उरलीसुरलीही घालव आता!” मामा म्हणाला, “घाल घाल, मासे धरायला लागेल ती.” मीठ पांढरं होऊन दारावर साठलं, पुसलं तर खाली रंग जसाच्या तसा. टपावर मी थेंबही घातला नव्हता, तिथले फोड वाढतच गेले. एका सकाळी मला ताप होता. उठून शेडमध्ये गेले तर अम्मा कलश घेऊन दारापाशी उभी. ओतून झाल्यावर तिने त्या दारावर तळवा टेकला आणि नुसतं म्हणाली, “चांगलं आहे की गं.” पण प्रश्न मात्र अजून विचारते.

वकील शेणॉयांकडे गेले होते. ते भले गृहस्थ, पैसे घेतले नाहीत. म्हणाले, केस आहे, पण त्या पाण्याचा उल्लेख करू नकोस, त्यांना काय सिद्ध करायचं ते करू दे. मी रात्रभर विचार करून तक्रार स्वतःच लिहिली. तिचं पहिलं वाक्य असं आहे: माझी आई वारिजा हिने या गाडीच्या बॉनेटवर कलशभर समुद्राचं पाणी ओतलं, आणि ते तिने स्वतःहून सांगितलं. बाकी सगळं त्याच्या खाली. अम्माच्या प्रश्नाला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे.

आता हे पत्र का, ते सांगते. साक्षीदारांमध्ये तुझं नाव आहे. अंगणातलं बोलणं मी त्यात घातलेलं नाही, ते तू माझ्यावर विश्वासून बोलला होतास. पण रबराखाली तू जे पाहिलंस आणि आम्हा दोघींसमोर जे म्हणालास, ते घातलं आहे. नोटीस शोरूमच्या पत्त्यावर येईल. मॅनेजरच्या हातून तुला कळावं असं मला वाटलं नाही. तुझ्या नोकरीचं काय होईल याचा विचार मी केला, आणि गणेशचौथीनंतर तुझी आई लग्नाचं बोलायला आमच्याकडे यायची होती त्याचाही केला. तिने यावं की नाही, हे तू खरं काय सांगतोस ते ऐकल्यावर ठरेल, आणि ते फक्त तुझ्याच घरी ठरेल असं नाही. काल सकाळी अम्माने ताडपत्री स्वतः ओढून काढली, फोडांनी भरलेल्या त्या गाडीच्या बॉनेटवर पुन्हा कलश रिकामा केला, आणि पुढच्या सीटवर बसली. वाटेत बस आडवी आली तेव्हा तिने काच खाली करून कंडक्टरला हात केला. मग आम्ही उडुपीला ग्राहक आयोगात जाऊन तक्रार दाखल केली.

चपला काढून उभ्या राहिलेल्या भविषची,
सुप्रीता