मास्तरांच्या मशीनचं फेशियल

११ सप्टेंबर, गुरुवार

सापडलं! बीबीसी मायक्रो सापडलं — आणि तेही शेळगावात!

पार्लरमध्ये आज शुकशुकाट. पितृपक्षात कोण भुवया करायला येतंय! एकटी राजनंदिनी आली, कॉलेजची. मी दोरा हातात घेतला तशी तिची नजर काउंटरवरच्या कमोडोरवर गेली. सगळ्यांचीच जाते. भंगारात निघालेला घरगुती कॉम्प्युटर मी जिवंत केलाय, मिरवणारच की! तर ती म्हणते, "ताई, असला एक माझ्या आजीकडं हाय. खंडेनवमीला त्याची पूजा करत्यात."

कशाची?

"कंप्युटरची. विळा, कोयता, ट्रॅक्टर आन् कंप्युटर. एका वळीत."

दोरा तुटला माझा. तिची डावी भुवई अर्धीच राहिली आणि मी विचारत सुटले — बटणं काळी? व्हय. वरच्या ओळीत लाल? व्हय ताई. कुठं घुबडाचं चित्र आहे का, टिंबाटिंबांचं? "हाय की! आजी म्हणती, लक्ष्मीचं वाहन हाय."

अगं बाई! बीबीसी मायक्रोच हा, शाळांसाठी आलेला जुना विलायती कॉम्प्युटर! आमच्या शाळेत होता असाच. कुलपात. मुलग्यांनी हात लावायचा, मुलींनी दारातून बघायचा. तेव्हापासून डोक्यात बसलाय तो.

राजनंदिनीकडून पैसे घेतले नाहीत. दुसरी भुवई मात्र केली.

१४ सप्टेंबर, रविवार

अजितला बारामतीहून शेळगावला गाडी काढायला लावली. वाटेभर नवरोबांचं एकच — "घरातला मिक्सर मरून पडलाय आणि तू शेळगावला लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करायला!" आता मिक्सरमध्ये काय मजा आहे?

घर मळ्यात. राजनंदिनीची आजी जयवंताकाकू — सत्तरीपुढची, ताठ बाई, डोक्यावरचा पदर जागचा हलत नाही. यजमान गेणबा मास्तर हायस्कूलात गणित शिकवायचे. सरकारी योजनेतून शाळेला हे मशीन आलं तेव्हा त्याच्या ट्रेनिंगला तेच गेले होते. पुढं ते बंद पडलं, अडगळीत गेलं, तेव्हा मास्तरांनी रीतसर मागून सायकलवरून घरी आणलं. घरी कधी चालू झालं नाही. तरी दर खंडेनवमीला पूजा चुकली नाही. मास्तर जाऊन आता आठ वर्षं झाली.

काकू म्हणाल्या, "त्येंची हत्यारं दोनच. खडू आन् ह्ये."

विणलेल्या रुमालाखाली होतं. रुमाल उचलला. घुबड आहे! सगळी बटणं जागच्या जागी! वरचं कव्हर तेवढं तंबाखू खाणाऱ्याच्या दातांसारखं पिवळं, आणि वर वर्षानुवर्षांचं हळदकुंकू.

काकूंचा मुलगा दादासो म्हणाला, "न्या की ताई. जागा तरी मोकळी हुईल."

"देव कुणी असा उचलून देतं व्हय रं?" काकू त्याच्यावर डाफरल्या. मग माझ्याकडे वळल्या. "चालू करशील?"

करीन म्हटलं.

"चालू झालं की आधी बोलतंय म्हणायचं मास्तर. मी काय कधी ऐकलं न्हाय. खंडेनवमीला मला ऐकव. मग ने जा तुला कायमचं. माझ्या मागं हितं कोण बघणार हाय त्याला?"

कायमचं! मी अजितकडे बघितलं, तो आभाळाकडे बघत होता.

गाडीत ठेवताना काकू जवळ आल्या. "आतलं काय करायचं ते कर पोरी. वरनं हाय तसं ऱ्हाऊ दे."

किती भिडस्त! मला जास्तीचं काम नको म्हणून. वरून आहे तसं? अहो काकू, पार्लर आहे माझं!

१५ सप्टेंबर

सासूबाई — "पितृपक्षात नवी वस्तू आणलीस घरात?" म्हटलं, नवी कुठं, चाळीस वर्षांची जुनी आहे.

१६ सप्टेंबर, मंगळवार

मशीन खोललं. बटणं एकेक करून उपसली. खाली काय निघावं? अक्षता! लाल-पिवळे तांदूळ, झेंडूच्या वाळक्या पाकळ्या, उदबत्तीची राख, आणि नारळ फोडताना उडालेल्या पाण्याचा चिकटा. मूठभर ऐवज निघाला.

परदेशातल्या हौशी लोकांना कीबोर्डखाली बिस्किटाचा चुरा सापडतो म्हणे. आमच्याकडे अख्खं नवरात्र!

खोलायच्या आधी चारी बाजूंनी फोटो काढून ठेवलेत. नवरीचे काढते तसे. बिफोर.

१८ सप्टेंबर

मूर्ख आहे मी. मूर्ख, मूर्ख! जुन्या कॉम्प्युटरवाल्यांच्या आमच्या ग्रुपवर सगळ्यांनी बजावलं होतं — पॉवर सप्लायमधले जुने कपॅसिटर आधी बदल, मग वीज दे. मला कुठला दम निघतोय! लावली पिन. थोडा वेळ काही नाही. मग — फाट्! पांढरा धूर, मासे जळाल्यासारखा वास. शाळेतल्या एक मॅडम फेसपॅक लावून, डोळ्यांवर काकड्या ठेवून पडल्या होत्या. तशाच रस्त्यावर! समोरचा फळवाला अजून हसतोय.

बाकी बोर्ड वाचलाय असं ग्रुपवाले म्हणतात. वाचलेला असू दे रे देवा.

१९ सप्टेंबर

मॅडमना फेशियल फुकट.

२१ सप्टेंबर, रविवार

पुण्याहून कपॅसिटर आले. सोल्डरिंगचे टाके मीच मारले. थ्रेडिंगवाल्या बाईचा हात आहे, हलत नाही! जीव मुठीत धरून बटण दाबलं.

बूऽऽऽऽऽऽऽऽ.

थांबेचना. या मशीनचं असं असतं — चालू होताना आधी जाडा बूऽ, मग लगेच बारीक बीप. बीप आला की समजायचं, जागं झालं. नुसताच बूऽऽ येत राहिला तर आत कुठंतरी काहीतरी अडलंय. अजित म्हणाला, "बोललं की. झालं ना?" हे बोलणं नाही, रडगाणं आहे!

उद्या घट बसणार. नवरात्रात पार्लरला उसंत नसते. नऊ रंगांच्या साड्या आणि नऊ तऱ्हेचे नखरे.

२३ सप्टेंबर, मंगळवार

बूऽ — बीप!!!

बोललं! बोललं बोललं बोललं!

नारळाचं पाणी! एका चिपच्या पायांना हिरवा गंज चढला होता. चिप हळूच उपटली, पाय खोडरबरानं घासले, नेलपॉलिशच्या बारीक ब्रशनं स्पिरिट लावलं, परत जागेवर दाबून बसवली. बटण दाबलं. बूऽ — बीप. आणि जुन्या टीव्हीवर अक्षरं. खाली लुकलुकणारी रेघ, काय करू म्हणून विचारणारी. शाळेच्या दारातून हीच रेघ दिसायची.

मी रडले. लाज कसली! दोन गिऱ्हाइकं मेंदी लावून बसली होती, त्यांना वाटलं कुणी गेलं.

२४ सप्टेंबर

मेमरी कार्डाचा छोटा जोड मागवला होता तो आज बसवला. आता कॅसेट नको, टेप नको, शंभर खेळ नखाएवढ्या कार्डात. आता मशीन मास्तरांच्या वेळी होतं त्यापेक्षाही तयार झालंय.

शेल्फवर जागा केली. मधली. अजितनं तिथं मिक्सर आणून ठेवला होता, तो उचलून खाली ठेवला.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

ऊन! चार दिवस नुसतं झाकोळून होतं, आज लख्ख ऊन पडलं.

पिवळ्या पडलेल्या जुन्या प्लॅस्टिकला केस ब्लीच करायचं क्रीम लावतात, उन्हात ठेवतात, मूळ रंग परत येतो. इंटरनेटवरचे लोक हे क्रीम कुठं मिळेल म्हणून वणवण करतात. माझ्याकडे डबेच्या डबे! हातमोजे घातले, आधी साबणानं हळदकुंकू धुतलं, मग केसांच्या ब्रशनं क्रीमचा जाड थर, वरून पातळ प्लॅस्टिक गुंडाळलं आणि गच्चीवर. मध्येमध्ये फिरवत राहिले, म्हणजे चट्टे पडत नाहीत. खाली एक डोकं रंगवायचं, वर हे. सासूबाई म्हणाल्या, "पापड राखल्यासारखी काय राखत बसलीस?"

२७ सप्टेंबर, शनिवार

काय उजळलंय! सायीसारखा रंग आलाय. डाव्या कोपऱ्यातला एक लाल डाग तेवढा हट्टी, बोटभर, साबणाला दाद देईना, पहिल्या थरालाही देईना. मी काय सोडते! त्याच्यापुरतं परत क्रीम चोपडलं, परत ऊन. दुपारी बघितलं — गेला! नामोनिशाण नाही!

आफ्टरचे फोटो काढले. बिफोर-आफ्टर शेजारी शेजारी लावून ग्रुपवर टाकलं. धडाधड अंगठे. एकानं लिहिलं, बारामतीत कारखान्यातून नवं निघतंय वाटतं. दिवसभर हवेत आहे मी.

२९ सप्टेंबर

उद्या शेळगाव. एक दिवस आधीच नेणार. काकूंचं तोंड बघायचंय मला!

३० सप्टेंबर, मंगळवार

बघितलं तोंड.

लिहवत नाही. पण लिहिते.

पाट मांडून ठेवला होता. मी मशीन ठेवलं आणि, नवरीचा पदर दूर करतात तसा, टॉवेल बाजूला केला. दादासो म्हणाला, "आयला, नवंच की!" काकू पाटाजवळ आल्या. वाकून डाव्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. परत फिरवलं. मला वाटलं, डोळ्यांना कमी दिसत असेल. म्हणून हौसेनं मोबाईल काढून बिफोर-आफ्टर दाखवलं. मीच दाखवलं!

काकूंनी बिफोरवर बोट ठेवलं. फोटो मोठा झाला. तो लाल डाग पडदाभर. डाग कसला, बोट होतं ते. बोटावरच्या रेघासुद्धा दिसत होत्या.

"ह्ये कुठाय?"

मला तरी कळेना. काकूंनीच सांगितलं, अगदी शांतपणे. "दर साली कुंकू मास्तरच लावायचं. ह्ये त्येंच्या हातचं शेवटचं. त्येंच्यामागं मी कुंकवाच्या करंड्याला हात लावला न्हाय. ह्याला बी निस्तं फूल वाहायची. दादासो लावतो म्हणाला, त्याला बी लावू दिलं न्हाय. पुसताना फडकंसुदिक तितं नेत न्हवते."

वरनं हाय तसं ऱ्हाऊ दे. म्हणाल्या होत्या की! मी ऐकलं होतं की! इथंच लिहून ठेवलंय, आणि वर त्यांना भिडस्त म्हटलंय.

काकू परत त्या पांढऱ्या कोपऱ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "पांढरं कपाळ झालं की गं त्याचं बी."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी पाया पडले. म्हटलं, काकू, मशीन मला नको, मी हे नेणार नाही. तो फोटो दादासोच्या मोबाईलवर पाठवला. पण फोटोला काय करायचंय?

निघताना काकू म्हणाल्या, "उद्या ये. चालू कराय तूच लागशील."

परत येताना अजित मिक्सरबद्दलसुद्धा बोलला नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

पार्लर बंद ठेवून गेले. विळा, कोयता, दारात ट्रॅक्टर आणि पाटावर मशीन. बटण दाबलं. बूऽ — बीप. काकू ऐकत राहिल्या. "आनिक एकदा," म्हणाल्या. मी परत बंद करून चालू केलं. तीनदा ऐकलं. मग दादासोनं कुंकवाचा करंडा उचलला तशी त्याच्या हातातून घेतला, बोट बुडवलं आणि डाव्या कोपऱ्यात, त्याच जागेवर, स्वतः टेकवलं. बोटाला कुंकू उरलं होतं. मी पार्लरच्या सवयीनं टिश्यू पुढं केला. काकूंनी घेतला नाही. ते बोट कपाळाकडं नेलं. आरसा नव्हता. मधोमध बसलंय का, ते मी बघितलं. बसलं होतं.